मथळ्याखालचे अकरा

उत्तनच्या किनाऱ्यावरून त्या काळी जेवढ्या होड्या पाण्यात जात, त्यांतल्या निम्म्या होड्यांची नावं लिओनार्डच्या हातची होती. धंदा बापाकडून आलेला, आणि बापाचा नियम एकच होता : नाव आधी. लाकूड घासून झालं की पहिल्यांदा संताचं नाव काढायचं, तेही कमानीत, दोन्ही टोकं खाली उतरलेली. पट्टे, तारे, नंबर हे सगळं मागाहून आणि नावापासून चार बोटं लांब. नावावर डांबराचा थेंब पडला तर बाप होडीवाल्याला सांगे, आज जाऊ नको. होडीवाले बापाला वेड्यात काढत, पण जात नसत.

लिओनार्डने नियम जसाच्या तसा उचलला. माणसाला एखादी गोष्ट फार चांगली येते तेव्हा ती चुकीच्या जागीही तो तितक्याच चांगल्या तऱ्हेने करतो, आणि तिथेच घोळ होतो.

लढाई सुरू झाली, मग रंग मिळेना, नव्या होड्याही कोणी बांधेना. त्रेचाळीस सालच्या गणपतीनंतर भाईंदरला एक समिती निघाली. खाडीकाठच्या नऊ गावांत हिवतापाने त्या वर्षी कहर केला होता. पोरांच्या पोटात पानथरी वाढून पोटं नगाऱ्यासारखी झाली होती. औषध एकच, कोयनेल, आणि ते जिथून यायचं ती जावा-सुमात्राकडची बेटं जपान्यांनी घेतलेली. मिठागरांचे मालक जमनादास शेठ यांनी आईच्या नावाने देणगी काढली, कुठूनकुठून ओळखी लावून थोडे कोयनेलचे डबे मिळवले आणि ठाण्याच्या डॉक्टर गुप्त्यांना कामावर नेमलं. डबे थोडे आणि गावं नऊ. कोणत्या गावाला किती द्यायचे हे ठरवायला डॉक्टरांना एक तक्ता हवा होता, भिंतीवर टांगता येईल असा. तक्ता काढायला अक्षर चांगलं असलेला माणूस हवा. लिओनार्ड असा भाईंदरच्या मिठाच्या वखारीमागच्या खोलीत येऊन बसला.

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. चौकटी पाडलेला मोठा कागद, त्यातला एक खण म्हणजे तापाने गेलेलं एक माणूस. गावागणिक एक उभा खांब. जितकी माणसं गेली तितके खण खांब उंच. खांबाच्या डोक्यावर बारीक अक्षरात दोन ओळी : किती गेले, आणि गावात शंभरामागे किती गेले.

"ही दुसरी ओळ विसरू नकोस," डॉक्टर म्हणाले. "खांबापेक्षा ती महत्त्वाची. भाईंदरात साडेतीन हजार माणसं राहतात, एखाद्या पाड्यात तीनशे. दोन्हीकडे तीस मेले तर ते सारखं नव्हे."

"समजलं, डॉक्टरसाहेब," लिओनार्ड म्हणाला. त्याला खरंच समजलं होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे काय झालं ते न समजल्यामुळे झालं नाही.

कागदाची टंचाई होती. तसला मोठा चौकटींचा कागद साऱ्या मुंबईत शोधून एकच मिळाला. लिओनार्डने तो पाटावर ताणून बसवला आणि पहिल्या दिवशी, एकाही गावाचा आकडा मांडायच्या आधी, मथळा काढला. मातुश्री जमनाबा स्मारक हिवताप निवारण समिती, भाईंदर. कमानीत, काळ्या शाईत, प्रत्येक अक्षराला लाल सावली. डाव्या टोकाला 'मातुश्री' खाली उतरलेलं आणि उजव्या टोकाला 'भाईंदर'. मधे कमान उंच गेलेली. दोन दिवस लागले. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, फारच छान.

खरं सांगायचं तर नाकापेक्षा मोती जड झाला होता. पण मोती इतका सुबक की नाकाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मग आकडे येऊ लागले. गावं पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडायची होती. उत्तन सर्वांत डावीकडे, तिथे समुद्राचा वारा, ताप कमी, खांब चार खणांचा. मग डोंगरी, राई, मुर्धे. मधोमध भाईंदर, एकोणतीस खणांचा, सर्वांत उंच. पण तिथे कमान वर गेलेली होती, त्यामुळे डोक्यावरच्या दोन ओळींना ऐसपैस जागा मिळाली : एकोणतीस, शेकडा एकाहून कमी. पुढे नवघर, मिरे, घोडबंदर. आठ गावं झाली. नववं काशी, डोंगराच्या पायथ्याचं, अगदी उजव्या कडेला. तिथला आकडा येईना. सभा दोन दिवसांवर आली.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी धर्मा आला. काशीचा भातशेती करणारा माणूस, पन्नाशीचा. गावाची मोजणी डॉक्टरांनी त्याच्यावर सोपवली होती. त्याला लिहिता येत नसे. उंबऱ्यात बसून त्याने आधी श्वास घेतला. चेहरा पिवळा पडलेला होता. खोलीत लिओनार्ड एकटाच होता, डॉक्टर घोडबंदरला रोगी बघायला गेले होते.

"मना पन ताप आलता, म्हनून उशीर झाला," धर्मा म्हणाला.

"बसा, धर्मादादा. पाणी देऊ?"

त्याने मान हलवली आणि कमरेचं फडकं सोडलं. फडक्यात चिंचोके होते. गावात माणूस गेलं की तो त्या घरी जाऊन यायचा आणि परत आल्यावर फडक्यात एक चिंचोका टाकायचा. त्याने ते जमिनीवर पाच-पाचांच्या ओळीत लावले. लावताना तो बोलत होता, लिओनार्डशी कमी, चिंचोक्यांशी जास्त.

"ये तीन येकाच घरान गेले. यो म्हातारा. यो तर जल्मला तवाच तापलेला." मग एक चिंचोका त्याने जरा वेळ हातात धरला. "ही माझी हिरी. नऊ वर्सांची."

धर्माने तोही चिंचोका ओळीत ठेवला, इतरांसारखाच. एकेचाळीस झाले. गावात माणसं किती, तर तीनशे चाळीस. लिओनार्डने कागदाच्या तुकड्यावर भागाकार केला. शेकडा बारा.

"किती डबे मिलतील?" धर्माने विचारलं.

"उद्या सभा आहे. तक्ता बघून ठरवतील."

"मंग आमचा खांब नीट काढ, पेंटर." एवढं बोलून तो उठला. उन्हं असेतो त्याला पोचायचं होतं.

लिओनार्ड पाटाशी बसला आणि काशीचा खांब खालून वर चढवू लागला. दहा, वीस, पंचवीस. तिसाव्या खणापाशी त्याचा हात थांबला. एकतिसाव्या खणात 'भाईंदर' होतं. कमानीचं उजवं टोक बरोबर काशीच्या डोक्यावर उतरलं होतं. लाल सावलीची कड खांबाला जवळजवळ टेकत होती.

अकरा खण उरले होते, आणि त्यांच्या वरच्या दोन ओळी.

वाट होती, एक सोडून तीन होत्या. खांब सरळ मथळ्यातून वर न्यायचा. किंवा 'भाईंदर' ब्लेडने खरवडून काढायचं. ते नाही तर खांब तिसावर तोडून दोन तिरक्या रेघा मारायच्या आणि खरा आकडा मथळ्याच्या अंगावर ठळक लिहायचा, विद्रूप दिसलं तर दिसलं. लिओनार्डने टाक शाईत बुडवला आणि मथळ्यावर धरला. हात खाली जाईना. भूतबाधा नव्हे ती, नुसती सवय होती. पंचवीस वर्षांत त्या हाताने नावाला कधी रेघ टेकवली नव्हती, आणि हे तर एका मेलेल्या बाईचं नाव, तिच्या मुलाने तिच्या आठवणीसाठी लावलेलं. त्यात दोन दिवसांची मेहनत. आणि, हेही लपवण्यात अर्थ नाही, ते फार सुंदर दिसत होतं.

त्याने खांब तिसावर बंद केला. माथ्यावर बारीकशी चांदणी काढली. तशीच चांदणी कागदाच्या तळाशी समासात काढून तिच्यापुढे लिहिलं : काशी, प्रत्यक्ष मृत्यू एकेचाळीस, शेकडा बारा. अक्षर स्पष्ट होतं. कोणी वाचलं तर खोटं काहीच नव्हतं. त्याने स्वतःची समजूत घातली आणि शाई सुकायला ठेवली.

सकाळी वखारीच्या सुताराने तक्ता लाकडी चौकटीत बसवला. चौकटीची पट्टी दोन बोटं रुंद होती. खालच्या पट्टीखाली समास गेला, आणि समासाबरोबर चांदणीपुढची ओळ गेली. लिओनार्डने ते पाहिलं. त्याने सुताराला म्हटलंही, पट्टी जरा बारीक नाही का. सुतार म्हणाला, आहे ती हीच. बाहेर शेठची घोडागाडी थांबली होती.

डॉक्टर सभेला नव्हते. ठाण्याहून तातडीचं बोलावणं आलं म्हणून पहाटेच्या गाडीने गेले होते. जाताना निरोप ठेवून गेले, तक्त्यात सगळं आहे, त्याप्रमाणे करावं. आकडे त्यांना ठाऊक होते, नव्हता तो फक्त काशीचा, आणि तो तक्त्यात येईल यावर त्यांचा भरवसा होता. सभेला शेठ आणि आणखी चौघे जण होते, सगळे मिठाचे आणि भाताचे व्यापारी. त्यांतला एकही काशीच्या वाटेला गेलेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, पण मनाने माणसं वाईट नव्हती. लिओनार्डला तक्त्याशेजारी उभं केलं होतं, खांब बोटाने दाखवायला.

शेठने चष्मा लावून तक्ता पाहिला. पहिल्यांदा मथळाच पाहिला. आईचं नाव वाचताना त्यांचे डोळे पाणावले.

"अक्षर तर एकदम फस्क्लास काढलेत तुम्ही," ते लिओनार्डला म्हणाले. "माझ्या बाला, आईला, आज बघायला पाहिजे होतं."

लिओनार्डने मान खाली घातली. त्याला आनंद झाला. इतका आनंद उत्तनच्या कोणत्याही होडीने त्याला दिला नव्हता.

"आता बघा," शेठ इतरांना म्हणाले, "दोन गावं उंच आहेत. हे भाईंदर आणि ते कडेचं, काशी. दोघं सरखेच. बरोबर ने?"

काशीच्या माथ्यावर आकड्यांच्या ओळी नव्हत्या; तिथली चांदणी सगळ्यांना नक्षी वाटली. शेठ लिओनार्डकडेच बघत होते, चेहऱ्यावर अजून तो ओलावा होता. आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की शेठ, सारखे नाहीत, त्याचा वरचा भाग तुमच्या मातुश्रींच्या नावाखाली आहे. लिओनार्डच्या जिभेवर ते आलं होतं. पण ज्या माणसाने आत्ताच डोळे पुसून आपलं कौतुक केलं, त्याला आपल्याच कामातली खोट दाखवायची, तीही आईच्या नावापाशी. तो मूग गिळून गप्प बसला. शेठला ती संमती वाटली.

"तर मग भाईंदरची वस्ती दसपट मोठी," एक व्यापारी म्हणाला. "मयत सारखे, पण वाचवायची माणसं तिकडे जास्त."

हिशेब रास्त होता. चौदा डब्यांपैकी नऊ भाईंदरला, एक काशीला, उरलेले चार इतर गावांना वाटून दिले. सभा चहा पिऊन उठली.

आता कोणी म्हणेल, दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा सांगायचं होतं. सांगायचंच होतं. पण डॉक्टरांनी येताच विचारलं, झालं का वाटप, आणि तो म्हणाला, झालं. ते तसेच मुर्ध्याला गेले, आणि पुढेही गावं फिरताना खोलीत उभ्याउभ्याच येऊन जात. तिसऱ्या दिवशी सांगणं दुसऱ्या दिवसापेक्षा जड झालं, आणि पाचव्या दिवशी त्याहून जड. लिओनार्ड रोज खोलीत यायचा, त्या तक्त्याकडे पाठ करून बसायचा आणि डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहायचा. शेठने खूश होऊन त्याला वखारीच्या दरवाजावर पाटी काढायला सांगितली होती. त्याने रंग नाही म्हणून सांगितलं. रंग होता.

त्याची आई गर्ट्रूड सुकी मासळी घेऊन आठवड्यातून एकदा काशीला जायची. बोंबील द्यायचे आणि तांदूळ घ्यायचा, वर्षानुवर्षांचा रिवाज. भाईंदरपर्यंत बैलगाडी आणि पुढे डोक्यावर टोपली. बाईने कधी टोपली भरलेली परत आणली नव्हती. सभेनंतर दहाव्या दिवशी ती खोलीशी आली तेव्हा टोपली वरपर्यंत भरलेली होती. तिने ती उंबऱ्याबाहेर उतरवली आणि पदराने तोंड पुसलं.

"काय झालं, आय?"

"बोंबील कोनी घेतला न्हाय," ती म्हणाली. "दारा लावलेली. भात कापलेला शेतान तसाच पडलाय, झोरायला मानूस न्हाय. रंभाकडे गेली, ती चुलीपाशी निजलेली. चुलीन इस्तू न्हाय. मना बोलली, मावशे, पानी दे. पानी दिला ना बाहेर आली."

"कोयनेल मिळालं ना त्यांना?"

"येक डबा मिलाला. चार दिसान संपला. धर्मा सगल्यांना अर्धी-अर्धी गोली देत होता." ती जरा थांबली. "पेंटरचे कागदावर आमचा गाव बारका दिसला असल, असा बोलत होता. मी बोलली, माझा पोरगा आकडा कमी काढनार न्हाय."

गर्ट्रूडला वाचता येत नव्हतं. तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे नजर टाकली, रंगीत मथळा बघितला, आणि टोपली उचलून गाडी गाठायला निघाली. लिओनार्डने तिला टोपली डोक्यावर द्यायला हात लावला. त्याला तेव्हा तिथेच सांगावंसं वाटलं, आय, मी कमी काढला. पण ती सहा तास चालून आली होती, आणि तिच्या डोक्यावर ओझं होतं. ती गेल्यावर तो खोलीत येऊन जमिनीवर बसला आणि पंचेचाळीस वर्षांचा बाप्या ओठ आवळून रडला.

डॉक्टर गुप्ते चार वाजता आले. लिओनार्ड उभा राहिला, त्याने भिंतीवरून चौकट उतरवली आणि खिळे उपटून खालची पट्टी काढली. समासातली ओळ डॉक्टरांनी वाचली. मग त्यांनी काशीच्या खांबावरची चांदणी पाहिली, मग तिच्यावरचं 'भाईंदर'.

"एकेचाळीस," ते म्हणाले. "तीनशे चाळिसांत?"

"हो."

"आणि सभेत हे कोणी विचारलं नाही?"

"शेठनी विचारलं. दोन्ही सारखे ना, म्हणाले. मी गप्प बसलो."

डॉक्टर खुर्चीवर बसले. आवाज त्यांनी चढवला नाही, आणि लिओनार्डला तेच जास्त लागलं.

"का?"

"नावाला धक्का लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. आणि..." त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "शेठनी तारीफ केली होती. ती जाईल म्हणून."

डॉक्टरांनी कमानीवर बोट ठेवलं. "मथळा मीही पाहिला होता," ते म्हणाले. "तेव्हाच सांगायला हवं होतं की थांब, आधी आकडे येऊ देत. तू तो इतका छान काढलास की मीही बोललो नाही. पण सभेत मी नव्हतो, लिओनार्ड. तू होतास." मग ते उठले. "शेठना सांगायला हवं. तुझं नाव घ्यावं लागेल."

"घ्या. मी बरोबर येतो."

"आधी तक्ता कर. या वेळी मथळा शेवटी. तळाशी, एका ओळीत, बारीक. आणि सर्वांत उंच खांबाच्या वर दहा खण मोकळे सोड. आकड्यांच्या दोन ओळी लिहून झाल्यावर दहा. पुढची मोजणी आली तर खांब वाढवता आला पाहिजे."

दुसरा कागद कुठून आणणार. लिओनार्डने तोच उलटा केला. मागची बाजू कोरी होती, चौकटी नव्हत्या, त्या त्याने पट्टीने एकेक पाडल्या. धर्माकडून ताजा आकडा मागवला. डॉक्टरांचा गडी सायकलवरून जाऊन आला : अठ्ठेचाळीस. दहा दिवसांत सात वाढले होते. सभेत एक शब्द बोलला असता तर या सातांतले किती राहिले असते, हे लिओनार्ड खण पाडताना मोजत होता. मोजून हाती काही येत नव्हतं. पण ते डोक्यातून जात नव्हतं.

शेठना नवा तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आईचं नाव शोधलं, आणि ते तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात सापडल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग लिओनार्डने सगळं सांगितलं. शेठ ऐकून घेत होते. काशीचा खांब साऱ्या गावांच्या डोक्यावरून एकटाच वर गेला होता, शेजारचं घोडबंदर त्याच्या गुडघ्याशी होतं.

"मारा बानुं नाव," शेठ हळूच म्हणाले, "ह्यांच्या वर होतं?"

"हो, शेठ."

त्यांनी वखारीच्या मुनिमाला बोलावून भाईंदरच्या नऊ डब्यांतले उरलेले किती आहेत ते विचारलं. पाच होते. पाचही काशीला द्या म्हणाले. महिना संपल्यावर लिओनार्डने यायची गरज नाही, असंही म्हणाले, त्याच्याकडे न बघता. लिओनार्डला त्याचं काही वाटलं नाही. एवढ्यावर सुटलो याचीच लाज वाटली. पाच डबे म्हणजे वरातीमागून घोडं, हे त्यालाही कळत होतं, डॉक्टरांनाही.

डबे न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मा स्वतः आला. बरोबर काठी होती, आधी नव्हती. डॉक्टर डबे बांधायला आतल्या खोलीत गेले. लिओनार्डने धर्माला बसायला पाट दिला आणि समोर उभं राहून सांगून टाकलं. मथळा आधी काढला, तुमचा खांब तिसावर थांबवला, आकडा खाली लिहिला तो चौकटीत गेला, सभेत शेठनी विचारलं तर मी बोललो नाही. त्याने काही गाळलं नाही. माफी मागायला मात्र त्याला तोंड उघडता येईना, कारण ती कशासाठी मागायची हे दोघांनाही माहीत होतं, आणि ते माफीच्या मापाचं नव्हतं.

धर्मा रागावला नाही. त्याने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आमचा खांब दाखव."

लिओनार्डने तक्ता खाली घेऊन भिंतीला टेकवला. धर्मा त्याच्यासमोर मांडी घालून बसला. अक्षर येत नसलं तरी एक खण म्हणजे एक माणूस, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. त्याने तळाच्या खणावर बोट ठेवलं.

"यो लखमा," तो म्हणाला. बोट वर सरकलं. "ही त्याची बाय. यो दाम्या. ये तीन बाबूचे घरचे."

कोण कधी गेलं याचा क्रम त्याला पाठ होता. एकेका खणावर तो थांबत होता, नाव घेत होता आणि वर जात होता. लिओनार्ड उभाच होता. तिसापाशी धर्माचं बोट आलं तेव्हा लिओनार्डने अंग चोरलं. एकतीस, बत्तीस. तेहतिसाव्या खणावर धर्माने बोट जरा जास्त वेळ ठेवलं.

"हिरी," तो म्हणाला.

जुन्या तक्त्यात हिरी 'भाईंदर'च्या काळ्या अक्षराखाली होती. लिओनार्डला त्या दिवशी तिथे फक्त खण दिसले होते. त्याला वाटलं, हा माणूस आता मान वर करून आपल्याकडे बघेल. धर्माने बघितलं नाही. त्याचं बोट पुढे गेलं. चाळीस झाले, एकेचाळीस झाले, मग नव्या सातांची नावं आली, आणि शेवटचं नाव होतं रंभा, जिने गर्ट्रूडकडे पाणी मागितलं होतं. तिथे खांब संपला. वर आकड्यांच्या दोन बारीक ओळी होत्या. धर्माचं बोट त्या ओळींवरून पुढे गेलं आणि कोऱ्या खणांत शिरलं. त्याने ते खण मोजले.

"ये वरचे धा कोनासाठी ठेवलेस?"

लिओनार्डने तोंड उघडलं. डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हणायचं होतं त्याला. जागा सोडायची असते, ती सोडली नाही म्हणूनच मागचा घोटाळा झाला, असं. या वेळी त्याने सगळं रीतसर केलं होतं.

आतून डॉक्टरांनी डबे आणून ठेवले. धर्मा काठी टेकून उठला, फडक्यात पाच डबे बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"आज गावान पंधरा जना हातरुनावर हान," तो लिओनार्डला म्हणाला, साध्या आवाजात, जसा मजूर मालकाला सामान कमी पडेल म्हणून सांगतो. "धा न्हाय पुरायचे."